धीर धरा, लसावि येतोच

दाढी दर तिसऱ्या दिवशी आणि डोक्यावरून आंघोळ दर पाचव्या दिवशी, असा त्या माणसाचा नेम होता. तीन आणि पाच यांचा लसावि पंधरा. म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा तो पुरता स्वच्छ असायचा. रजेचा अर्ज न्यायचा तर त्या दिवशी न्यावा, असं आम्हा नर्सेसमध्ये ठरलेलं होतं. अर्ज तो त्या दिवशीही नामंजूरच करायचा, पण निदान नाकाला पदर लावावा लागत नसे.

समोर आम्ही त्याला साहेब म्हणायचो आणि पाठ वळली की लसावि. आता मी नातवंडांची आजी आहे, त्याला अहो-जाहो करायची माझ्यावर कुणाची सक्ती नाही, तेव्हा मी तो असंच म्हणणार. ज्यांना शाळा आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. चार आणि सहा या दोघांच्याही पाढ्यात येणारी सगळ्यात लहान संख्या कोणती, तर बारा. झालं, एवढंच ते. एवढ्याशा गोष्टीवर या माणसाने आयुष्यभर मिशीला पीळ दिला.

सत्तरच्या दशकातलं नाशिक. गंगापूर रोडला घरांपेक्षा द्राक्षाचे मळे जास्त होते आणि स्टँडवरून आमच्या दवाखान्यापर्यंत टांगा यायचा. दवाखाना खाजगी, मधल्या आकाराचा. तिथे हा ऑफिसात मोठा क्लार्क. त्याआधी म्हणे कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचा. शाळेने त्याला सोडलं की त्याने शाळेला, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण येताना शाळेचा एक काळा फळा मात्र घेऊन आला होता. तो फळा त्याने आमच्या ड्युटीरूमसमोर ठोकला. नर्सेसची ड्युटी कुणाची कधी, ऑफ कुणाचा कधी, हे सगळं तो त्या फळ्यावर रंगीत खडूने लिहायचा. खडू कायम कानावर. बोलता बोलता कान खाजवायचा आणि अर्धा गाल गुलाबी करून घ्यायचा. तसाच मग मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहायचा.

नवीन नर्स घ्यायची तर मेट्रनबाई तिला इंजेक्शनबद्दल विचारायच्या आणि हा शेजारच्या खुर्चीत बसून म्हणायचा, "चार, सहा, आठ. लसावि सांगा." मला विचारलं तेव्हा मी चोवीस म्हणाले.

"रीत?"

"रीत नाही, मनात केलं."

"रीत नसेल तर उत्तर चोरीचं समजतात, सिस्टर," असं म्हणून त्याने माझ्या नावापुढे काहीतरी खूण केली. पुढे मला कळलं की ती खूण म्हणजे 'उद्धट'. ते मात्र त्याचं बरोबर होतं.

एकदा तर त्याने कमालच केली. वॉर्डातल्या एका पेशंटला एक औषध चार चार तासांनी आणि दुसरं सहा सहा तासांनी चालू होतं. हा फळ्यावर काहीतरी खरडून डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, दोन्ही औषधं बारा तासांनी एकदमच द्यावीत, नर्सेसच्या फेऱ्या वाचतील. डॉक्टर म्हणाले, "पेशंट तोवर थांबला तर देऊ की." हा खाली मान घालून बाहेर आला आणि आम्हाला म्हणाला, "डॉक्टर लोकांचं गणित कच्चं असतं." शेफारलेल्या माणसाला कुणी काही सांगू शकत नाही.

आता माझ्या गोष्टीकडे येते, कारण या माणसाने माझा जो संसार खाल्ला, त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

माझं लग्न झालं ते आमच्या वस्तीतल्या विहारात. नवरा येवल्याकडच्या खेड्यातला, एसटीत कंडक्टर. त्याचं रोटेशन असं, की तीन दिवस सुरगाण्याच्या बाजूला मुक्कामी गाडी आणि चौथ्या दिवशी रेस्ट. तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा घरी येणार, रेस्टच्या दिवशी घरी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडं आरवायच्या आत परत डेपोत. माझं रोटेशन असं, की पाच दिवस सकाळी आठ ते रात्री आठ आणि सहाव्या दिवशी ऑफ. लग्नाची रजा संपवून मी कामावर आले तो दिवस नेमका त्याच्या रेस्टचा. फळ्यावर बघितलं तर माझा ऑफ दुसऱ्या दिवशी.

म्हणजे तो घरी असायचा तेव्हा मी वॉर्डात आणि मी घरी असायचे तेव्हा तो घाटात. मी रात्री घरी पोचायचे तर त्याला पहाटे उठायचं म्हणून तो अंथरुणावर. सकाळी मी निघायचे तर तो तीन दिवसांच्या धक्क्यांनी मोडून झोपलेला. नवरा मला मिळायचा तो अंधारात, घोरणारा. त्याच्या खाकी सदऱ्याला कधी भिजक्या गोणपाटाचा वास, कधी कांद्याचा, आणि तेवढ्यावरून मी ओळखायचे की आज गाडीत कुणी काय भरलं होतं. नवीन लग्न झालेल्या बाईला आणखी काय पाहिजे असतं? मला एक आख्खा दिवस पाहिजे होता. नवरा दिवसाउजेडी समोर बसलेला बघायचा होता, त्याच्याबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या होत्या, दुपारी भांडायचं होतं. जास्त काही नाही.

रजा लग्नात संपल्या होत्या. दुसऱ्या नर्सबरोबर अदलाबदल करावी तर लसाविचा कायदा आडवा, अदलाबदल केली की म्हणे चक्र बिघडतं. नवऱ्याने डेपोत विचारून बघितलं, तर तिथला साहेब म्हणाला, इथं सगळेच कुणाचे ना कुणाचे नवरे आहेत. मेट्रनबाईंना सांगितलं, तर त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. तो फळा लिहायची कटकट त्यांच्या गळ्यात पडू नये म्हणून त्या लसाविला वचकून असायच्या.

शेवटी मी त्याच्याकडेच गेले. म्हटलं, "साहेब, माझा ऑफ फक्त एकदा एक दिवस अलीकडे घ्या. मग पुढचं सगळं तुमचं चक्र जसं आहे तसं चालू द्या."

त्याला आनंद झाला. माझं भलं करायला मिळतंय म्हणून नाही, उदाहरण मिळालं म्हणून. कानावरचा खडू काढून त्याने फळ्याच्या कोपऱ्यात चार आणि सहा मांडले, दोनाने भागले, दोन आणि तीन उरले, सगळ्यांचा गुणाकार बारा. बाराखाली दोन रेघा मारल्या.

"बाराव्या दिवशी तुमची सुट्टी आपोआप एकत्र येणार. हात लावायची गरजच नाही. धीर धरा, सिस्टर. लसावि येतोच."

मीही मूर्ख, हरखून घरी गेले. शिकलेला माणूस, रेघा मारून सांगतोय. बाराव्या दिवसाची वाट बघत बसले. नवऱ्याला म्हटलं, रेस्टच्या दिवशी डबा घेऊन लेण्यांवर जाऊ. तो दिवस आला, नवरा घरी, आणि फळ्यावर माझा ऑफ त्याच्या दुसऱ्या दिवशी. पुन्हा तीच गत.

त्याला जाऊन सांगितलं तर म्हणाला, "पुढच्या बाराव्याला बघा. संख्यांना कधी कधी वेळ लागतो." संख्यांना वेळ लागतो, म्हणे. संख्या काय त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत उभ्या होत्या? पुढच्या बाराव्यालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याने ते उलटं करून माझ्याकडे सरकवलं. "कॅलेंडर हे ज्यांना गणित येत नाही त्यांच्यासाठी असतं."

नवरा हसायचा. तो मुळात हसरा. म्हणायचा, "तुमचा तो बाबा लय शहाणा हाय. आमच्या गाडीत असलं गिऱ्हाईक भेटतं, तिकीट सुरगाण्याचं काढतं आन् पेठला उतरून भांडतं." पण हळूहळू हसणं कमी झालं. सासूबाई येऊन गेल्या, चार दिवस राहिल्या, जाताना मला म्हणाल्या, "तुमचं भांडण झालंय का गं? बोलत नाय दोघं." भांडण व्हायला तरी माणसं एका जागी लागतात ना. आम्हाला एकमेकांशी बोलायचं काय हेच सुचेनासं झालं होतं. एका खोलीत दोन भाडेकरू राहावेत तसं आमचं चाललं होतं. मला भीती वाटायला लागली. खरंच सांगते, फार भीती वाटायला लागली, की या माणसाशी माझी कधी ओळखच होणार नाही.

आमच्या वॉर्डाबाहेर लांबच लांब व्हरांडा होता. काळी फरशी, पांढरी फरशी, काळी, पांढरी, थेट एक्स-रेच्या खोलीपर्यंत. दुपारी भेटायला येणारी माणसं गेली की तो रिकामा असायचा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तिथे नुसती येरझाऱ्या घालत होते. डोक्यात तेच, चार आणि सहा. सहज मनात आलं म्हणून औषधाच्या बाटलीचं एक लाल बूच काळ्या फरशीवर ठेवलं. ती नवऱ्याची रेस्ट. शेजारच्या पांढऱ्या फरशीवर निळं बूच ठेवलं, तो माझा ऑफ. मग लाल बूच चार फरश्या पुढे सरकवलं, काळी फरशी. आणखी चार, काळीच. निळं सहा फरश्या पुढे, पांढरी. आणखी सहा, पांढरीच. मी मध्येच थांबले. पुढे जायची गरजच नव्हती. लाल बूच जन्मात पांढऱ्यावर जाणार नव्हतं आणि निळं काळ्यावर येणार नव्हतं. दोन्ही बुचं दोन-दोन फरश्यांच्या जोडीनेच पुढे जात होती, मग मधलं ते एकाचं अंतर मिटणार कसं? बाराव्याला काय आणि बारा हजाराव्याला काय, आम्ही शेजारशेजारच्या फरशीवरच उभे राहणार होतो.

पुस्तकात काय असतं? तीन घंटा एकदम वाजल्या, आता पुन्हा एकदम कधी वाजतील? आधी एकदा एकदम वाजल्या, हे त्यात पहिल्याच वाक्यात सांगितलेलं असतं. आम्ही एकदाही एकदम वाजलो नव्हतो. या शहाण्याने वर्षानुवर्षं ते पहिलं वाक्य गाळून पोरांकडून नुसते आकडे भागून घेतले आणि त्यावर मार्क दिले.

मी तशीच ऑफिसात गेले आणि त्याला घेऊन आले. बुचं पहिल्यापासून मांडून दाखवली. तो आधी माझ्याकडे बघून हसला. मग खाली वाकला. मग गुडघ्यावर बसला. त्याने स्वतः लाल बूच सरकवलं, निळं सरकवलं, ओठ हलायला लागले. तसाच रांगत रांगत तो एक्स-रेच्या खोलीपर्यंत गेला, तिथल्या दारावर त्याचं डोकं आपटलं, आणि तो तिथेच बसून राहिला. त्याला कळलं होतं. हे मी छातीठोकपणे सांगते, त्या दिवशी त्याला कळलं होतं. त्याचा चेहरा उतरला होता. त्या क्षणी तो जर नुसतं 'चुकलं' म्हणाला असता, तर मी त्याच्यावर इतकं बोलले नसते.

तो उठला, धोतराची धूळ झटकली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "फरशीवर गणित शोधणाऱ्यांनी फरशीच पुसावी. फळा त्यांच्यासाठी नसतो."

हे तो नुसतं एका नर्सला म्हणाला नव्हता. माझं आडनाव, माझी वस्ती, विहारातलं लग्न, सगळं त्याला माहीत होतं. तो कुणाला म्हणाला आणि काय म्हणाला हे मला कळलं, आणि मला कळलं हेही त्याला कळलं. वॉर्डातल्या सगळ्यांनी आपापल्या कामात मान घातली. मी बुचं गोळा केली, सलाइन संपत आलं होतं तिकडे गेले. नवी बाटली लावली आणि थेंब मोजत उभी राहिले.

माझा ऑफ तिथेच राहिला. एक दिवस पुढे.

नंतर त्याच्या मुलीचं लग्न झालं. तीही नर्सच, लग्नानंतर आमच्याच दवाखान्यात लागली. पोरगी गोड होती, बापाचा एकही गुण तिच्यात नव्हता. जावई नाशिकरोडला रेल्वेत. त्यालाही तीन दिवस काम आणि चौथ्या दिवशी रेस्ट, अगदी माझ्या नवऱ्यासारखंच. डबा खाताना मी तिला सहज विचारलं, काय गं, नवऱ्याची आणि तुझी गाठ पडते का कधी?

"पडते की, ताई," ती म्हणाली. "दर बाराव्या दिवशी. पहिल्या महिन्यात चुकत होती, एक दिवस मागे-पुढे. मग बाबांनी माझा ऑफ एकदाच एक दिवस सरकवला. म्हणाले, पहिल्यांदा एकदा जुळवून द्यावं लागतं, मग आपोआप जुळत जातं. बाबांचं गणित फार पक्कं आहे हो. परवा आम्ही दोघं गंगापूरच्या धरणावर जाऊन आलो."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. व्हरांड्यात माझ्या बुचांकडून शिकलेलं गणित त्याने लेकीला आंदण दिलं होतं. आणि मला काय दिलं, तर फरशी पुसायला सांगितली. इतके दिवस मी त्याला बेअक्कल समजत होते. बेअक्कल परवडला. याला समजून उमजून गप्प बसता येत होतं.

मी डबा तसाच टाकून फळ्यासमोर गेले. डस्टर फळ्याच्याच खिळ्याला टांगलेलं असायचं, त्याच्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता. मी ते घेतलं आणि माझ्या नावापुढचा ऑफ पुसला. फळ्याच्या कडेवरचा खडू उचलून तो एक दिवस अलीकडे लिहिला, त्याच्या पुढचे सगळे तसेच ओळीने. चक्र जिथल्या तिथे होतं, फक्त काळ्या फरशीवर आलं होतं.

तो ऑफिसातून बाहेर आला. "फळ्यावर खाडाखोड कुणी केली?"

"मी."

"कुणाच्या परवानगीने?"

"तुमच्या लेकीच्या नावापुढे कुणाच्या परवानगीने केलीत?"

ड्युटीरूमच्या दारात मुलगी येऊन उभी होती, मेट्रनबाईही होत्या. तो दोघींकडे बघून खाकरला. मग मास्तरी आवाजात म्हणाला, "ती खाडाखोड नव्हती. ती सुरुवात होती. उदाहरणात सुरुवात दिलेलीच असते."

"दिलेली असते ना? मग ती मला द्यायला तुमचं काय जात होतं?"

त्याने माझ्या हातातलं डस्टर मागायला हात पुढे केला. मी दिलं नाही. तेव्हा तो नुसत्या तळव्याने फळा पुसायला गेला, आणि मुलगी मागून हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे." तिला तोवर सगळं समजलं होतं. बिचारीचं तोंड इतकंसं झालं होतं. त्याचा हात फळ्यावर तसाच राहिला, मग खाली आला. तळवा गुलाबी झाला होता, तो त्याने धोतराला पुसला आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. मेट्रनबाई मला म्हणाल्या, "जा, पेशंट वाट बघतायत." रागावल्या नाहीत, एवढंच त्यांनी माझ्यासाठी केलं.

त्यानंतर तो निवृत्त होईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मला काही फरक पडला नाही. पुढच्या नर्सेसनाही तो तेच विचारायचा, चार, सहा, आठ, आणि तीच मिशी, तोच पीळ. निरोपसमारंभात म्हणे त्याने गणितातल्या सत्यावर भाषण केलं. मी गेले नव्हते. माझा ऑफ होता, आणि नवऱ्याची रेस्ट.

पण ऑफ आणि रेस्ट जुळले तो पहिला दिवस मी विसरलेले नाही. मी उठले तेव्हा उजाडलं होतं, खिडकीतून ऊन आलं होतं. नवरा दचकून उठला, म्हणाला, "अगं, आठ वाजत आले, तुझी ड्युटी?" मी म्हटलं, "आज ऑफ आहे." तो माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या उजव्या भुवईत एक जुना वण होता, तो मी तोवर पाहिलाच नव्हता.  पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे आम्ही आमच्याच खोलीत अंथरुणावर बसून होतो.

मग तो उठला, म्हणाला, तू बस, चहा मी टाकतो. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, साखरेचा डबा शोधायला त्याला वेळ लागला. चमचा डब्यात घातला आणि तो थांबला. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. मान वळवून, थोडा लाजून, त्याने मला विचारलं, "तुला साखर किती लागते गं?"